डिलीट केलेले जाते कुठे?

दवाखान्यातील संगणक एखाद्या सकाळी ‘डिस्कमध्ये पुरेशी जागा शिल्लक नाही’ असा संदेश दाखवतो, हा अनुभव आता बहुतेक सभासदांच्या परिचयाचा झाला आहे. बाहेर रुग्णांची रांग लागलेली असते, सॉफ्टवेअर नवा केसपेपर उघडायला तयार नसते, आणि मग घाईघाईने जुने फोल्डर शोधून ते काढून टाकण्याचा सपाटा सुरू होतो. दोन-चार वर्षांपूर्वीच्या सोनोग्राफीच्या प्रतिमा जातात, कुणा नातलगाच्या लग्नाची चित्रफीत जाते, कधी काळी उतरवून घेतलेली व्याख्याने जातात. एवढे सगळे केल्यावर शिल्लक जागेचा आकडा पाहावा, तर तो जवळजवळ होता तिथेच! बेळगाव शहरात असलेला डॉक्टर अशा वेळी दूरध्वनी करून तंत्रज्ञाला बोलावून घेऊ शकतो. चोर्ला घाटाच्या वाटेवरील जांबोटीत किंवा त्याहून आत कणकुंबीच्या बाजूला, तेही भर आषाढात, तंत्रज्ञ येण्याची वाट पाहणे म्हणजे त्या दिवसाचे काम सोडून देणे होय. म्हणून या यंत्राच्या आत नेमके काय घडते, हे आपणच थोडे समजून घेतलेले बरे.

वरवर पाहता हा केवळ साफसफाईचा प्रश्न वाटतो. परंतु त्याला दुसरी आणि अधिक गंभीर बाजू आहे. ज्या कारणाने काढून टाकलेल्या फाईलची जागा कधीकधी परत मिळत नाही, त्याच प्रकारच्या कारणाने काढून टाकलेली माहिती कधीकधी खरोखर जातही नाही. ती माहिती आपल्या घरची असेल तर फारसे बिघडत नाही. ती रुग्णाची असेल, तर आपल्यावर विश्वास ठेवून त्याने सांगितलेली गोष्ट आपण उघड्यावर ठेवली, असा त्याचा अर्थ होतो.

आपल्या भागात जमिनीचा उतारा सर्वांच्या परिचयाचा आहे. कर्नाटकात ‘भूमी’ योजनेखाली तो २००० सालाच्या सुमारास संगणकावर आला. तत्पूर्वी तो तलाठ्याच्या दप्तरात असे. उताऱ्यावरचे नाव कमी झाले म्हणून शेत जागेवरून हलत नाही. बांध तिथेच असतात, उभे भातही तिथेच असते. बदलते ती फक्त नोंद. हार्ड डिस्कचा कारभार अगदी असाच चालतो. डिस्कच्या एका भागात फाईलींची नोंदवही असते : कोणती फाईल, केवढी, आणि ती कोणकोणत्या गटात ठेवली आहे. प्रत्यक्ष मजकूर अन्यत्र, त्या त्या गटांत असतो. आपण डिलीटची कळ दाबतो तेव्हा संगणक नोंदवहीतील नोंदीवर ‘रद्द’ अशी खूण करतो आणि ते गट ‘वाटपास मोकळे’ म्हणून जाहीर करतो. मजकुराला तो हातही लावत नाही. पुढे एखादी नवी फाईल त्याच गटांवर येऊन बसली, म्हणजेच जुन्या मजकुराचा शेवट होतो. तो प्रसंग पाच मिनिटांत येईल किंवा पाच वर्षांत येणारही नाही.

डॉसच्या काळात तर ही रद्दची खूण गमतीदार होती. नोंदीतील नावाचे पहिले अक्षर तेवढे पुसून त्या जागी एक ठरावीक चिन्ह लिहिले जाई. बाकी नाव शाबूत राही. पीटर नॉर्टन या अमेरिकी गृहस्थांनी १९८२ मध्ये ही गोष्ट हेरून गेलेली फाईल परत आणणारी आज्ञावली बाजारात आणली आणि त्यांचे नाव घरोघरी झाले. १९९१ मध्ये आलेल्या डॉसच्या पाचव्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टनेच ‘अनडिलीट’ ही आज्ञा दिली. ती वापरताना संगणक आपल्यालाच विचारी की, या फाईलच्या नावाचे पहिले अक्षर काय होते? ते सांगितले की फाईल पुन्हा हजर. ज्या सभासदांनी त्या काळ्या पडद्यावर काम केले आहे, त्यांना हे आठवत असेल.

विंडोज ९५ बरोबर ‘रीसायकल बिन’ नावाची टोपली आली आणि सामान्य माणसाची गोष्ट सोपी झाली, पण गैरसमजही वाढला. टोपलीत टाकलेली फाईल त्याच डिस्कवर, तेवढीच जागा अडवून बसलेली असते. घरातील कचरा अंगणाच्या कोपऱ्यात नेऊन ठेवावा, तसे. टोपली रिकामी केल्याशिवाय एक बाइटही परत मिळत नाही. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. फारसे ठाऊक नसते ते असे की, विंडोजमध्ये प्रत्येक वापरकर्त्याची टोपली वेगळी असते. स्वागतकक्षातील भगिनीने तिच्या नावाने संगणक उघडून दहा जीबीच्या प्रतिमा काढून टाकल्या असतील, तर आपल्या नावाने उघडल्यावर आपल्याला टोपली रिकामीच दिसते आणि जागा मात्र गेलेली असते. याच्या उलट, पेन ड्राइव्हवरून किंवा जोडलेल्या दुसऱ्या संगणकाच्या फोल्डरमधून काढलेली फाईल सहसा टोपलीत जातच नाही. ती थेट रद्द होते. केबिनमधील संगणकावरून बाहेरच्या संगणकावरील फाईल डिलीट करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, कारण तिथे दुसरी संधी नाही.

टोपली रिकामी करूनही जागा दिसत नसेल, तर इतर काही जुने भाडेकरू शोधावे लागतात. संगणक बिघडल्यास मागच्या स्थितीला नेता यावे म्हणून विंडोज जुन्या स्थितीच्या नोंदी राखून ठेवते. त्या बऱ्यापैकी जागा व्यापतात, आणि त्यांची कमाल मर्यादा आपल्याला ठरवता येते. ॲपलच्या नव्या संगणकांवर तर असा जुना ‘स्नॅपशॉट’ असेपर्यंत काढलेल्या फाईलची जागा परतच मिळत नाही. संगणक झोपवताना स्मृतीचा मजकूर ठेवण्यासाठी एक मोठी फाईल राखीव असते. विंडोजची नवी आवृत्ती बसवल्यावर जुनी आवृत्ती ‘विंडोज-ओल्ड’ या फोल्डरमध्ये काही दिवस राहते. ही सर्व मंडळी ‘डिस्क क्लीनअप’ किंवा विंडोजच्या ‘स्टोरेज’ विभागातून रीतसर घालवता येतात. हाताने फोल्डर शोधून उडवण्याचे धाडस मात्र करू नये. कोणत्या फोल्डरने किती जागा खाल्ली, हे चित्ररूपाने दाखवणारी ‘विनडिरस्टॅट’ ही आज्ञावली विनामूल्य मिळते. तिचे रंगीत चौकोन पाहिले की चोर सहसा पहिल्या दोन मिनिटांत सापडतो.

आपल्या भागातील पावसाचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. खानापूर तालुक्याच्या या पश्चिम पट्ट्यात जून ते सप्टेंबर वीज किती वेळा जाते, याची मोजदाद कोणी ठेवत नाही. संगणक फाईल लिहीत असताना वीज गेली, तर मजकूर डिस्कवर उतरलेला असतो, पण नोंदवहीत त्याची नोंद पुरी झालेली नसते. अशी जागा कोणत्याच फाईलची नसते आणि तरीही मोकळी नसते. वारसनोंद न झालेल्या जमिनीसारखी ती अडकून राहते. पुढच्या वेळी संगणक डिस्क तपासतो, तेव्हा हे बेवारस तुकडे ‘फाउंड’ अशा नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये क्रमांक घालून जमा करतो. पेन ड्राइव्हवर आणि जुन्या पद्धतीने आखलेल्या डिस्कवर हा प्रकार अधिक होतो. विंडोजच्या आजच्या एनटीएफएस पद्धतीत बदलांची आगाऊ टाचण ठेवली जात असल्याने तो पुष्कळ कमी झाला आहे. तरीसुद्धा यूपीएसची बॅटरी संपलेली असताना संगणक वापरणे ही काटकसर नव्हे. इन्व्हर्टर दिव्या-पंख्याला पुरतो. तो वीज जाण्याच्या आणि येण्याच्या मधल्या क्षणी संगणकाला सांभाळीलच, असे नाही.

आता डॉक्टरांना सर्वांत जास्त चकवणाऱ्या गोष्टीकडे वळू. रुग्णनोंदीचे सॉफ्टवेअर वापरणारे अनेकजण जागा मोकळी करण्यासाठी सॉफ्टवेअरच्या आत जाऊन जुने रुग्ण काढून टाकतात. हजारो नोंदी जातात. डिस्कवरील जागा रेसभरही वाढत नाही. याचे कारण असे की, या सर्व नोंदी एका मोठ्या फाईलच्या, म्हणजे डेटाबेसच्या पोटात असतात. संगणकाच्या लेखी ती एकच फाईल. तिच्या पोटातील पाने कोरी झाली, तरी वहीची जाडी कमी होत नाही. काही डेटाबेस ही कोरी पाने नव्या नोंदींसाठी वापरतात. ॲक्सेससारखा जुना, छोट्या दवाखान्यांत आजही आढळणारा डेटाबेस मात्र ‘कॉम्पॅक्ट’ ही आज्ञा दिल्याखेरीज ती पाने वापरत नाही. तो फुगतच जातो, आणि त्याची फाईल २ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. ही मर्यादा गाठली गेली की डिस्कवर शेकडो जीबी मोकळे असूनही नवा रुग्ण नोंदवता येत नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या मोफत आवृत्तीवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची अशीच मर्यादा १० जीबीची असे. २००८ आर-२ पासून २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांना ती लागू आहे. म्हणजे डिस्क भरणे आणि डेटाबेस भरणे हे दोन वेगळे आजार आहेत, आणि लक्षणे मात्र सारखी दिसतात. निदान न करता औषध दिले, तर काय होते हे आपल्याला कोणी सांगायला नको.

त्यात आणखी एक मेख आहे. ॲक्सेसची फाईल आवळून लहान करताना संगणक आधी तिची आटोपशीर नवी प्रत तयार करतो आणि मग जुनी काढतो. त्यासाठी तेवढी मोकळी जागा हाताशी असावी लागते. डिस्क काठोकाठ भरल्यावर जाग आली, तर हा उपायही करता येत नाही. मोठ्या डेटाबेसांना व्यवहारांची एक दैनंदिनी असते; तिचा बॅकअप ठरावीक काळाने घेतला गेला नाही, तर काही मांडण्यांमध्ये ती मूळ डेटाबेसपेक्षा मोठी होऊन बसते. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याशी वार्षिक करार करताना ‘बॅकअप कोण घेणार, दैनंदिनी कोण छाटणार, आणि आवळण्यापूर्वी प्रत कुठे ठेवणार’ हे तीन प्रश्न विचारून उत्तरे लिहून घ्यावीत. पुरवठादार हसेल, हसू द्यावे.

जागा नेमकी कशाने भरते, याचाही अंदाज हवा. केसपेपरचा मजकूर नगण्य असतो. सीटी स्कॅनचा एक छेद साधारणपणे ५१२ गुणिले ५१२ बिंदूंचा आणि प्रत्येक बिंदूला दोन बाइट, म्हणजे सुमारे अर्धा एमबी. तीनशे छेदांची एक तपासणी झाली की दीडशे एमबी. सोनोग्राफीच्या हलत्या चित्रफिती त्याहूनही वजनदार. नवी डिस्क विकत घेताना वेष्टनावर १ टीबी लिहिलेले असते आणि विंडोज ९३१ जीबी दाखवते, तेव्हा दुकानदाराने फसवले असे मानू नये. डिस्क बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत. डिस्क तीच असते. एकूण जागेच्या १५-२० टक्के नेहमी मोकळी राहील, असा बेत ठेवला तर वर सांगितलेले बहुतेक प्रसंग टळतात.

इथपर्यंत जागा परत मिळवण्याची गोष्ट झाली. आता चुकून गेलेली फाईल परत मिळवण्याविषयी. आपल्याकडे अपघातग्रस्तासाठी ‘सुवर्णतास’ असतो, तसा तो इथेही असतो. डिस्कवर नवे काहीही लिहिले गेले नाही, तोवर जुना मजकूर जागेवर आहे. म्हणून फाईल गेल्याचे कळताच त्या संगणकावरील सर्व काम थांबवावे. अनेकजण याच वेळी महाजालावरून फाईल शोधणारी आज्ञावली उतरवून त्याच डिस्कवर बसवतात. म्हणजे हरवलेली वस्तू शोधायला आलेला पाहुणा तिच्यावरच पाय ठेवतो. ती आज्ञावली दुसऱ्या संगणकावर उतरवावी, डिस्क तिथे जोडावी आणि सापडलेला मजकूर तिसऱ्याच जागी साठवावा.

हे सारे फिरत्या तबकडीच्या जुन्या डिस्कला लागू आहे. आजच्या संगणकांत येणारी एसएसडी ही निराळी प्रकृती आहे. तिच्यात फिरणारे काही नसते. तिला एखाद्या जागेवर पुन्हा लिहिण्याआधी ती जागा कोरी करावी लागते, आणि त्यात वेळ जातो. म्हणून फाईल रद्द होताच विंडोज तिला ‘हे गट आता नको आहेत’ असे कळवते. या निरोपाला ‘ट्रिम’ म्हणतात. एसएसडी सवडीने, आपल्याला न विचारता, ते गट कोरे करून टाकते. परिणामी जुन्या डिस्कवर वर्षानुवर्षे टिकणारा मजकूर इथे काही मिनिटांतही नाहीसा होऊ शकतो. नॉर्टनसाहेबांची विद्या इथे फारशी चालत नाही. वेग वाढला, पण दुसरी संधी गेली. एसएसडी बसवलेल्या दवाखान्याने बॅकअपचा कंटाळा करणे म्हणजे रक्तपेढी नसलेल्या ठिकाणी मोठी शस्त्रक्रिया हाती घेणे होय. रोजची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, आणि आठवड्याची एक प्रत दवाखान्याबाहेर घरी, इतके तरी जमण्याजोगे आहे. आपल्या डोंगराळ भागातील संपर्काचा भरवसा पाहता केवळ महाजालावरील साठवणीवर विसंबणे मला पटत नाही.

घरोघरच्या भ्रमणध्वनीचेही थोडे बोलू, कारण ही स्मरणिका डॉक्टरांच्या घरातही वाचली जाते. गूगलच्या खात्याला मिळणारी १५ जीबी मोफत जागा ही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांची सामायिक आहे. छायाचित्रांना १ जून २०२१ पूर्वी जी सवलत होती, ती त्या दिवशी संपली. ड्राइव्ह आणि जीमेलमधून काढलेली वस्तू ३० दिवस टोपलीत राहते, महाजालावर जतन केलेले छायाचित्र ६० दिवस. तोवर ती जागा मोजलीच जाते. फोटोच्या आज्ञावलीत ‘जागा मोकळी करा’ आणि ‘हटवा’ असे दोन निराळे पर्याय आहेत. पहिला फक्त भ्रमणध्वनीतील प्रत काढतो, आणि महाजालावरची राहते. दुसरा दोन्हीकडची घालवतो. पुण्याला किंवा परदेशी असलेल्या मुलांनी पाठवलेली नातवंडांची छायाचित्रे या दोहोंतील फरक न कळल्याने गेल्याच्या हकिकती कानावर येतात. आणि डॉक्टरांसाठी पुस्ती अशी की, रुग्णाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला अहवाल अनेकदा संभाषणात, छायाचित्रांच्या दालनात आणि गूगलच्या खात्यात अशा तीन ठिकाणी जाऊन बसतो. एका ठिकाणचा पुसला म्हणून इतर दोन ठिकाणचा गेला असे होत नाही. तो आपल्या घरच्या सहलीच्या छायाचित्रांच्या शेजारी पडून राहतो, आणि मुले दालन उघडतात तेव्हा त्यांनाही दिसतो.

मग काय काढावे आणि काय ठेवावे? हे ठरवताना जागेचा विचार शेवटी यावा, कायद्याचा आधी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवणे बंधनकारक आहे, आणि रुग्णाने मागणी केल्यास ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झालेले नवे नियम त्याच महिन्यात स्थगित झाले, त्यामुळे आधार २००२ च्याच संहितेचा राहिला. प्रसवपूर्व निदानाच्या कायद्याखालील नोंदी दोन वर्षे, आणि प्रकरण न्यायालयात असेल तर त्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत जपाव्या लागतात. या नोंदी संगणकावर असल्या तरी त्यांची छापील प्रत काढून, जबाबदार व्यक्तीने ती प्रमाणित करून ठेवावी, असे नियमच सांगतात. गर्भपाताच्या दाखल-नोंदवहीला पाच वर्षांची मुदत आहे. लहान मुलांच्या आणि पोलीस प्रकरणांच्या नोंदी याहून बराच अधिक काळ राखाव्यात, असा जाणकारांचा सल्ला असतो आणि तो योग्य आहे.

दुसऱ्या बाजूने २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपले आणि अन्य कायद्याने ती ठेवण्याचे बंधन नसले, तर ती मिटवावी, असे या कायद्याचे म्हणणे आहे. आजवर ‘ठेवले पाहिजे’ एवढेच आपण ऐकत होतो. ‘मिटवले पाहिजे’ हे कर्तव्य नवे आहे. आणि मिटवणे म्हणजे डिलीटची कळ नव्हे, हे वर पाहिलेच.

जांबोटीजवळ हब्बनहट्टीचा मारुती मलप्रभेच्या काठी आहे. पावसाळ्यात नदीला पूर आला की देवालय पाण्याखाली जाते. ते दिसत नाही म्हणून तिथे नाही, असे कोणी म्हणत नाही. पाणी ओसरले की दर्शन सुरू होते. भंगारात दिलेल्या संगणकाच्या डिस्कवरील रुग्णांच्या नोंदी अशाच असतात. फरक इतकाच की, ते पाणी कोण आणि कधी ओसरवील, हे आपल्या हातात राहत नाही.

हे भय काल्पनिक नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे सिम्सन गारफिंकेल आणि अभि शेलाट या दोन संशोधकांनी २००० ते २००२ या काळात जुन्या बाजारातून १५८ वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांपैकी १२९ चालू स्थितीत होत्या, आणि त्यांतील केवळ १२ डिस्क योग्य रीतीने पुसलेल्या आढळल्या. २००३ मध्ये त्यांनी हा अभ्यास प्रसिद्ध केला. बाकीच्या डिस्कांवर पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक मिळाले; एक डिस्क तर बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्रातील निघाली. आणि एका डिस्कवर एक पत्र होते. सात वर्षांच्या मुलाच्या वडिलांनी डॉक्टरांना लिहिलेले, मुलाच्या कर्करोगावरील उपचार समाधानकारक नाहीत अशी तक्रार करणारे. त्या बापाने ते पत्र कोणत्या मनःस्थितीत लिहिले असेल, हे आपणास समजू शकते. बाजारातील अनोळखी ग्राहकासाठी ते निश्चितच लिहिले नव्हते.

दुसरे उदाहरण खुद्द आरोग्यक्षेत्रातील आहे. न्यूयॉर्कच्या ॲफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्यविमा संस्थेने भाड्याने घेतलेली झेरॉक्स यंत्रे मुदत संपल्यावर परत केली. आधुनिक झेरॉक्स यंत्रात प्रतींची नोंद साठवणारी डिस्क असते, हे कोणाच्या लक्षात आले नाही. एका वृत्तवाहिनीने २०१० मध्ये त्यांतले एक यंत्र विकत घेऊन आतील वैद्यकीय माहिती बाहेर काढली. ३,४४,५७९ व्यक्तींची माहिती धोक्यात आली असावी असा अंदाज झाला, आणि २०१३ मध्ये संस्थेला १२,१५,७८० डॉलर भरावे लागले. आपल्या दवाखान्यातील सोनोग्राफी यंत्र, ईसीजी यंत्र, सीसीटीव्हीचा खोका, झेरॉक्स यंत्र यांच्या पोटात डिस्क किंवा स्मृतिपट्टी आहे का, हे यंत्र विकण्यापूर्वी विचारलेच पाहिजे. सोनोग्राफी यंत्रात बदल करताना समुचित प्राधिकाऱ्याला कळवायचे आपण विसरत नाही, कारण तिथे शिक्षेची भीती असते. आतील प्रतिमांची आठवण कोणालाच राहत नाही. दुरुस्तीला आलेला तंत्रज्ञ नादुरुस्त डिस्क काढून नवी बसवतो, तेव्हाही जुनी डिस्क आपल्याकडेच मागून घ्यावी. नादुरुस्त म्हणजे अवाचनीय नव्हे.

या विषयाला सध्या निकड आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ थांबवले. विंडोज ११ च्या अटी जुने संगणक पुऱ्या करू शकत नसल्याने अनेक दवाखान्यांत यंत्रे बदलली जात आहेत, आणि जुनी यंत्रे कोणाला तरी दिली जात आहेत : शाळेला, पुतण्याला, भंगारवाल्याला. शाळेला संगणक देणे ही चांगलीच गोष्ट आहे. डिस्क स्वच्छ करून द्यावी. सुई, कापूस आणि सलाईनची नळी कोणत्या रंगाच्या पिशवीत जाते, हे १९९८ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांपासून आपल्या परिचारिकांनाही तोंडपाठ झाले आहे. चार हजार रुग्णांचे निदान असलेली डिस्क मात्र रद्दीच्या वजनाने जाते, ही विसंगती मला तरी खटकते.

डिस्क स्वच्छ करण्याची रीत अवघड नाही. फिरत्या तबकडीच्या डिस्कला ‘क्विक फॉरमॅट’ करणे म्हणजे केवळ नोंदवही नवी करणे. त्याने काही साधत नाही. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांत ‘पूर्ण फॉरमॅट’ केल्यास प्रत्येक जागी शून्य लिहिले जाते. त्याला काही तास लागतात, पण जुना मजकूर त्याखाली गाडला जातो. पस्तीस वेळा पुसावे असा एक जुना समज आहे. तो १९९६ मधील एका शोधनिबंधातून आला आणि त्या काळच्या डिस्कांपुरता होता. आजच्या डिस्कला एकदा नीट लिहिलेले पुरते. एसएसडीला ही रीत लागू नाही. तिच्यात आपल्याला न दिसणारे राखीव गट असतात, आणि वरून शून्ये लिहिली तरी जुना मजकूर तिथे राहू शकतो. तिच्यासाठी निर्मात्याने दिलेली ‘सिक्युअर इरेज’ ही आज्ञा वापरावी. सर्वांत सोयीचे म्हणजे संगणक घेतानाच डिस्क कूटबद्ध करणे. विंडोजच्या व्यावसायिक आवृत्तीत ‘बिटलॉकर’ ही सोय आहे. मग संगणक चोरीला गेला, तरी किल्लीविना आतील काही वाचता येत नाही, आणि निरोप देताना किल्ली नष्ट केली की काम बरेच हलके होते. ती किल्ली मात्र कागदावर छापून, संगणकापासून दूर, कपाटात ठेवावी. किल्ली हरवली तर आपल्यालाही दार उघडत नाही.

जी डिस्क सुरूच होत नाही, ती पुसताही येत नाही. अशा डिस्कला सुताराकडून यंत्राने आरपार तीन-चार भोके पाडून घ्यावीत. आतली तबकडी काही वेळा काचेची असते, म्हणून डोळ्यांवर चष्मा असावा. एसएसडी असेल, तर तिच्यातील प्रत्येक काळी चकती फुटली पाहिजे. नंतर तो तुकडा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा, आणि दवाखान्याच्या साठा-नोंदवहीत तारीख, यंत्राचा क्रमांक व कोणी फोडली, ही ओळ लिहून खाली सही करावी.